गोठ्यातली विश्रांती

आयुष्यात जिल्दानं एकच गोष्ट नीट ठरवून केली होती, ती म्हणजे टेकडीवरून खाली येणं. विसाव्या वर्षी एल्वियोच्या स्कूटरवर मागं बसून ती खोऱ्यातल्या गावात आली, बुटांच्या कारखान्यात चामड्याला शिलाई मारायला लागली, आणि पहिल्याच हिवाळ्यात भाड्याच्या घरातल्या हीटरला पाठ लावून बसली. तिला विचाराल तर ती तिथून अजून उठलेली नाही. एल्वियो दोनदा म्हणाला होता की कारखाना सुटला की वर कुठंतरी छोटंसं घर घेऊ, चार कोंबड्या पाळू. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा जिल्दानं शांतपणे सांगितलं, जरूर घे, कोंबड्या तुला गरम गरम वाढतील. त्यानंतर तो विषय संपला. एल्वियो शेवटपर्यंत तिसऱ्या मजल्यावर राहिला आणि गेला तोही लिफ्टनंच.

अशा बाईला तिच्या मुलीनं पंचाहत्तराव्या वाढदिवसाला काय द्यावं? टेकडीवर विश्रांती.

मुलीचं नाव लोरेदाना. ती बोलोन्याला विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि गेली काही वर्षं श्वास घ्यायला शिकत होती. त्याचे वर्ग असतात. केक कापून झाल्यावर तिनं फोन आईच्या नाकासमोर धरला. फोटोत दगडी घर, अंजिराचं झाड, मागं एकामागं एक पसरलेल्या टेकड्या. लोरेदानाचे डोळे भरून आले होते. "ओळखलंस, आई? तुझं घर. तू जिथं जन्मलीस ते. आठवडाभर तिथं राहायचं आणि काहीही करायचं नाही."

जमलेले सगळे नातेवाईक गहिवरले. जिल्दा फोटोकडं बघत राहिली. ज्या घरातून पळून जायला तिला वीस वर्षं लागली होती, तिथं तिची पोटची पोर तिला परत पाठवत होती, आणि वर नाश्ता धरून.

ते घर खरं म्हणजे त्यांचं कधीच नव्हतं. ते काउंटचं, म्हणजे तिथल्या जमीनदाराचं. जिल्दाचा बाप अर्धेलीनं कसायचा. अर्धा गहू काउंटचा, अर्धी द्राक्षं काउंटची, आणि कारभारी यायचा तेव्हा अंडीसुद्धा निम्मी निम्मी. मुलं तेवढी पूर्णच्या पूर्ण बापाला मिळाली, सात. पुढं अर्धेली बंद झाली, मुलं पांगली, छप्पर बसलं, आणि घर बरीच वर्षं पोपडे काढत उभं राहिलं. मग मिलानहून कामिल्ला आणि लोदोविको नावाचं जोडपं आलं. त्यांना शहराचा कंटाळा आला होता, आणि कंटाळा यायला लागतं तेवढं सगळं त्यांच्याकडं होतं. त्यांनी ते घर घेतलं, उभं केलं, आणि त्याला नाव दिलं 'इल रेस्पीरो', म्हणजे श्वास. जिल्दाच्या वेळी त्या घराला नाव नव्हतं आणि श्वास घ्यायला सवडही नव्हती.

सप्टेंबरच्या सुरुवातीला लोरेदाना तिला गाडीनं वर सोडून गेली. कामिल्ला दारातच उभी होती, तागाचे चुरगळलेले कपडे घालून. तिनं जिल्दाला मिठी मारली आणि ती सोडेचना. "सिन्योरा, तुम्ही घरी आलात," ती म्हणाली, आणि तिचेही डोळे भरले. जिल्दाला वाटलं, या घराला ओल पहिल्यापासून होती, पण आता ती माणसांतही उतरलेली दिसते.

तिला दिली होती ती सगळ्यांत भारी खोली. कामिल्लानं दार उघडलं आणि बाजूला झाली. जिल्दा आत गेली, आणि कितीही फरशा घातल्या, कितीही मेणबत्त्या लावल्या तरी पायांना कळलं की हा गोठा आहे. गव्हाणीत नळ बसवून हात धुवायची सोय केली होती. भिंतीतली लोखंडी कडी तशीच होती. कामिल्लानं समजावून सांगितलं की तिच्यात टॉवेल अडकवायचा. पूर्वी तिच्यात बियांकीना अडकवलेली असायची. बियांकीना, घरातली एकुलती एक गाय, घरातलं एकुलतं एक माणूस ज्याला पोटभर मिळायचं. आता ती उभी राहायची बरोबर त्या जागेवर शुभ्र चादरींचा पलंग होता. जिल्दानं उशी भिंतीच्या बाजूला ओढून घेतली. दुसऱ्या बाजूला गायीचं कुठलं टोक असायचं हे तिला चांगलं आठवत होतं.

"वरची खोली कुणाला दिलीय?" तिनं विचारलं. वरच्या खोलीत ती सातही भावंडं झोपायची, खालच्या गायीची ऊब फळ्यांतून वर यायची म्हणून.

"ती नव्यानं लग्न झालेल्या पाहुण्यांसाठी ठेवलीय," कामिल्ला म्हणाली. "मधोमध न्हाणीचा टब ठेवलाय. पडूनच टेकड्या दिसतात."

रात्रीच्या जेवणाला सगळे पाहुणे एका लांब टेबलाशी बसले. एक डच जोडपं, बेर्गामोचे एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. कामिल्लानं चमच्यानं पेला वाजवून जाहीर केलं की आज आपल्यात एक खास व्यक्ती आहे, ही याच घरात जन्मली, आणि ती आपल्याला त्या दिवसांबद्दल सांगणार आहे. जिल्दाला याची काही कल्पना नव्हती. पण सगळे हनुवट्या हातांवर टेकवून तिच्याकडं बघायला लागले, तेव्हा तिनं सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं. हिवाळ्यात पलंगाखालचं भांडं सकाळी गोठलेलं असायचं ते सांगितलं. डोक्यातल्या उवा मारायला रॉकेल कसं चोळायचे ते सांगितलं. कारभारी आला की कोंबडीच्या पोटाखाली हात घालून आत अंडं आहे का बघायचा, आणि एकदा त्यानं त्याच हातानं तिच्या थोरल्या बहिणीच्या गालाचा चिमटा घेतला, मग आईनं तो गाल घासून घासून लाल केला, तेही सांगितलं. डॉक्टरसाहेब आधी हसले, मग त्यांनी काटा खाली ठेवला.

"पण सगळे एकत्र होतात," डॉक्टरांची बायको कळवळून म्हणाली. "सुखी असाल ना?"

"एकत्र होतो, हे खरं," जिल्दा म्हणाली. "दुसरीकडं जागाच नव्हती."

सकाळी कामिल्लानं तिला हळूच बाजूला घेऊन सुचवलं की उद्या वाटल्यास पाव भाजण्याबद्दल बोलावं. पावाचा वास वगैरे. जिल्दानं मान डोलावली आणि त्या दिवसापासून जेवताना तोंड फक्त खाण्यासाठी उघडलं.

विश्रांती घेणं मात्र तिला जमेना. पहाटे उठून तिनं पलंग आवरला, गव्हाण घासली, आणि अंगणात खराटा सापडला म्हणून अंगण झाडायला घेतलं. कामिल्ला धावत आली आणि जवळजवळ झटापट करून खराटा काढून घेतला. इथं तुम्ही काहीही करायचं नाही, ती म्हणाली, अगदी तळमळून. म्हणून जिल्दा भिंतीशी बसली आणि जे करत होते त्यांच्याकडं बघत राहिली. नाश्त्यानंतर लोदोविकोनं पाहुण्यांना अनवाणी केलं आणि कोबीच्या वाफ्यात तण काढायला नेलं. मातीशी नातं जुळवणं असं त्याचं नाव होतं, आणि त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागे. डच गृहस्थ खुरपं दोन्ही हातांत धरून तणावर असा तुटून पडला की तणाबरोबर कोबीही गेला. लोदोविको त्याचे फोटो काढत होता. "तुम्हाला यायचंय, सिन्योरा?" त्यानं विचारलं. जिल्दानं अत्यंत आभारी असल्याचं सांगितलं आणि पोहण्याच्या तलावाकडं गेली.

तलाव बरोबर उकिरड्याच्या जागेवर होता. तिथं लांब आरामखुर्च्या मांडल्या होत्या. जिल्दा आधी एका खुर्चीच्या टोकावर बसली, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तशी. ऊन अंजिराच्या झाडावरून उतरलं होतं. समोर पाणी निळं, त्याच्यापलीकडं नांगरलेल्या टेकड्या, तपकिरी, पिवळ्या, एकावर एक. तिला कधी लक्षातच आलं नव्हतं की इथून इतकं लांबवर दिसतं. लहानपणी या अंगणात तिची मान नेहमी खाली असायची. तिनं पाय वर घेतले. कुणी ओरडलं नाही. मग ती मागं टेकली.

या अंगणात दिवसाउजेडी आडवं पडलेलं माणूस तिनं आयुष्यात फक्त एकदाच पाहिलं होतं, तो तिचा आजोबा, आणि तो मेला होता. बाप म्हणायचा, बसायचं असेल तर शेंगा सोलायला बसा. जिल्दानं डोळे मिटले, आणि तिला बापाचा आवाज यायची वाट बघता बघता झोप लागली. जाग आली तेव्हा जेवणं उरकली होती, आणि कुणीतरी तिच्या अंगावर चादर घातली होती. ती उठून बसली आणि काय झालं हे तिला कळेना. थोडं रडू आलं, थोडा राग. एवढंसंच होतं तर. एवढ्याशासाठी आई आयुष्यभर उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र इल रेस्पीरोला तिच्याइतका कडक पाहुणा मिळाला नसेल. तिनं दुसरी उशी मागितली. कॉफी खुर्चीपाशी आणून द्यायला सांगितली, आणि कोमट आली म्हणून परत पाठवली. सावली सरकली की ती हाक मारी, मग लोदोविको येऊन छत्री सरकवी. दिवसभर ती तिथल्या टॉवेलच्या पांढऱ्या झग्यात वावरू लागली. विश्रांतीला आलेल्या माणसानं विश्रांती घेतली पाहिजे, असं तिनं डॉक्टरांच्या बायकोला ऐकवलं, कारण ती बिचारी वाफ्यातून पाठ धरून परत येत होती.

आणि अशात ट्रॅक्टर सुरू झाला.

जेवणं झाली होती, वामकुक्षीची वेळ होती. अंजिराखाली सगळं गाढ शांत होतं. खालच्या उतारावरून एकदम खडखडाट आला, पट्ट्यांवर चालणारा जुना ट्रॅक्टर, लोखंडावर लोखंड. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेला, वळला, परत आला, परत गेला. त्याच्या जोडीला बदकं ओरडायला लागली, आणि ती चार-दोन नव्हती. डच जोडप्यानं कानात बोळे घातले. कामिल्ला येऊन हात जोडायच्या बेतात उभी राहिली. रोजचंच आहे, ती म्हणाली. हे दोन-तीन दिवस ट्रॅक्टर बिघडला होता म्हणून गप्प होता. खालच्या शेतात एक म्हातारा राहतो, एकटा, विचित्र. लोदोविको त्याच्याकडं घरचा मुरांबा घेऊन गेला होता, तर पुढच्याच आठवड्यात त्यानं बदकं आणली. पाहुणे जाऊन वाईट अभिप्राय लिहितात.

"मुरांबा देताना काय म्हणाला होतात?" जिल्दानं विचारलं.

लोदोविकोनं सांगितलं की काही नाही, फक्त विनंती केली होती. दुपारी चालवण्याऐवजी ट्रॅक्टर सूर्य मावळताना चालवता आला तर बरं. पाहुणे तेव्हा गच्चीवर वाइन घेत बसलेले असतात, मागून उजेड पडतो, फोटो सुंदर येतात. आणि डोक्यावर गवती टोपी घातली तर आणखीच छान. टोपी देण्याचीही त्याची तयारी होती.

जिल्दा खुर्चीतून उठली. तिनं झग्याचा पट्टा आवळला.

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली, आणि उतारावरून चालू लागली.

प्रीमो तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. सात जणांतला पहिला, आणि टेकडी न सोडलेला एकटाच. अर्धेली संपल्यावर त्यानं खालचा तुकडा स्वतःच्या नावावर केला आणि आईला तिथं नेलं. बहीण-भाऊ दहा-बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण सांगायला गेलं तर लोक हसतील. जिल्दानं कारखान्यात स्वतःच्या हातानं आईसाठी काळ्या मऊ चामड्याचे बूट शिवले होते. आईनं ते खोक्यात ठेवले, चांगल्या प्रसंगाला घालीन म्हणाली. आई गेली तेव्हा जिल्दा धावत वर आली, तर शवपेटीत आईच्या पायांत घरातल्या जुन्या लोकरी सपाता होत्या, अंगठ्यापाशी भोक पडलेल्या. जिल्दानं पाद्रीबुवांसमोर भावाला नाही नाही ते बोलून घेतलं. प्रीमोनं उत्तर दिलं नाही. तिनं परत फोन केला नाही, त्यानंही केला नाही, आणि मग न करण्याची सवय लागली.

आता ती पांढरा झगा आणि पाहुण्यांसाठीच्या कागदी चपला घालून ढेकळांतून चालत होती. प्रीमोनं तिला लांबूनच पाहिलं असावं, कारण ट्रॅक्टर थांबला. इंजिन मात्र त्यानं बंद केलं नाही. ती जवळ आली तेव्हा त्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुठल्या इस्पितळातून पळालीस?"

"मी वर विश्रांतीला आलेय," जिल्दा ओरडून म्हणाली. "तुझ्या या डबड्यामुळं मला झोप येत नाही."

"वर? त्या तागवाल्यांकडं?" प्रीमोला खरंच समजायला वेळ लागला. "कुठल्या खोलीत?"

जिल्दा जरा थांबली. "गोठ्यात."

प्रीमोनं इंजिन बंद केलं. त्याचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्याला खोकला आला, खोकता खोकता तो ट्रॅक्टरवरून उतरला आणि पट्ट्यावर बसला. "बियांकीनाच्या जागेवर," तो म्हणाला. "आणि त्यासाठी वर आलीस? अगं जिल्दे, मला सांगायचंस, माझ्याकडं खरा गोठा आहे."

"तुला काय सांगायचं? तुझ्याशी बोलतंय कोण?"

"मग आत्ता कोण बोलतंय?"

जिल्दानं आजूबाजूला पाहिलं. शेत आधीच नांगरलेलं होतं, एकदा नव्हे, चांगलं पिठासारखं झालं होतं. ती म्हणाली की नांगरलेलं परत काय नांगरतोस. प्रीमो म्हणाला की त्याची मर्जी. गवती टोपी घालून नांगरायला तो काही सर्कशीतलं अस्वल नाही. मग खाली बघत म्हणाला की दुपारी घरात फार गप्प असतं. बायको, असुन्ता, गेल्यापासून. इंजिन चालू असलं की बरं.

जिल्दा त्याच्याशेजारी पट्ट्यावर टेकली. पांढऱ्या झग्याला ग्रीस लागलं. आता ती काहीतरी मायेचं बोलेल असं कुणालाही वाटलं असतं. ती म्हणाली, "आईला सपाता घातल्यास."

"पाय सुजले होते. बूट चढेनात."

"तेल लावायचं होतंस."

"मेलेल्या बाईच्या पायांना तेल लावून बूट कोंबू? कुठं चालत जायचं होतं तिला?" प्रीमोनं एक ढेकूळ उचललं, चुरडलं. मग म्हणाला, "आणि तसंही ते बूट तिला चावायचे. दोनदा घालून पाहिले तिनं. तुला सांगायची तिची छाती झाली नाही. मला म्हणाली, जिल्दीला कळू देऊ नकोस, तिनं हातानं शिवलेत."

चाळीस वर्षं बूट शिवलेल्या बाईला हे ऐकावं लागलं, भर दुपारी, शेतात, झग्यात. तिला भाऊ खोटं बोलतोय असं म्हणायचं होतं, पण आईचा तो आवाज तिला स्पष्ट ऐकू आला होता.

"कुठं चावायचे?" तिनं शेवटी विचारलं.

"टाचेला."

"टाचेला. अरे, मग म्हणायचं ना. आतून कातडं जरा पातळ केलं असतं. अर्ध्या तासाचं काम." तिनं बाहीनं नाक पुसलं. "अर्ध्या तासाचं काम होतं, प्रीमो."

प्रीमोनं हातातली माती झटकली. मग म्हणाला की सकाळचा घेवडा उरलाय, डुकराच्या कातडीत शिजवलेला. ती म्हणाली की ती जेवून आलीय, तिकडं त्यांनी एका मोठ्या थाळीत तीन पानं आणि एक अंजीर दिलं होतं. म्हणजे नाही जेवलीस, प्रीमो म्हणाला.

त्याच्या स्वयंपाकघरात जिल्दानं दोन वाट्या घेवडा खाल्ला, जाड्या पावानं वाटी पुसून पुसून खाल्ली, वर बडीशेपेच्या दारूचा थेंब टाकलेली कॉफी घेतली, आणि असुन्ताच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. प्रीमो थोडा वेळ दारात उभा राहिला. ट्रॅक्टर सुरू केला तर ती उठेल, एवढंच त्याला दिसलं. मग तो टेबलावर डोकं ठेवून स्वतःही झोपला.

टेकडीवर, अंजिराखाली, पाहुण्यांना आयुष्यात पहिल्यांदा एवढी शांतता मिळाली. संध्याकाळी जिल्दा परत आली तेव्हा कामिल्लानं तिचे दोन्ही हात धरले. तुम्ही काय सांगितलंत त्यांना? जिल्दा म्हणाली की प्रकरण नाजूक आहे, एका दिवसात मिटणारं नाही. उद्या परत जावं लागेल. परवासुद्धा.

अशा रीतीनं जिल्दा रोज दुपारी वाटाघाटींना जाऊ लागली. वाटाघाटी कधी चुलीवरच्या सशाच्या रश्श्यावर व्हायच्या, कधी मऊ सॉसेज फासलेल्या पावावर, आणि नंतर दोघांच्या घोरण्यावर. अधूनमधून भांडणंही व्हायची, आजोबा कुठल्या साली वारला वगैरे. ठरलेला आठवडा संपत आला तेव्हा लोदोविकोनंच विनवणी केली की सिन्योरानं आणखी थोडे दिवस राहावं, अर्थातच घरची पाहुणी म्हणून, पैसे न देता. काम अर्ध्यावर सोडणं बरं नव्हे. जिल्दानं फार आढेवेढे घेतले नाहीत. तिनं एवढंच कळवलं की कॉफी अजूनही कोमट येते.

लोरेदानाला फोनवर हे कळलं तेव्हा ती पुन्हा रडली. मैत्रिणींना सांगायला लागली की आईला तिची मुळं सापडली.

शेवटच्या दिवशी आभार म्हणून यजमानांनी प्रीमोला जेवायला बोलावलं. तो लग्नाला आणि मयताला घालायचा तो एकच काळा सूट घालून आला. सगळे त्याच्याभोवती जमले. डच बाईनं त्याचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. प्रीमोनं घर पाहिलं, गोठा पाहिला, गव्हाणीतला नळ सोडला आणि बंद केला. मग त्याला वरची खोली दाखवायला नेलं. मधोमधचा टब बघून तो थबकला. त्यानं कामिल्लाला अतिशय आदरानं विचारलं की इथं जरा अंघोळ केली तर चालेल का.

नाही म्हणायचं कसं? खाली टेबलावर सूप थंड होत गेलं. वरून पाण्याचा आवाज येत होता, मध्येच गरम पाणी पुन्हा सोडल्याचा. डॉक्टरसाहेब पावाचा तुकडा तोडून खात बसले. बऱ्याच वेळानं प्रीमो खाली आला, लालबुंद, केस विंचरलेला, सूटची सगळी बटणं लावलेली. तो जिल्दाशेजारी बसला आणि तिच्या कानात म्हणाला, "त्या खोलीत मला एवढी ऊब कधीच लाभली नव्हती."

"गाय होती की खाली."

"गाय तुमच्या बाजूला होती. आम्हा पोरांचा पलंग भिंतीशी होता."

जिल्दा म्हणाली की साफ खोटं, भिंतीशी पोरींचा पलंग होता. तो म्हणाला की तुझं डोकं फिरलंय. कामिल्ला इतर पाहुण्यांना हळू आवाजात सांगत होती की बघा, दोघं जुन्या आठवणींत कसे रमलेत.

लोरेदाना आईला घेऊन खाली गेली, आणि दुसऱ्याच दिवशी वामकुक्षीच्या वेळी ट्रॅक्टर सुरू झाला. लोदोविको धावत खाली गेला. प्रीमोनं त्याला समजावून सांगितलं की शब्द दिला होता तो बहिणीच्या झोपेपुरता. बहीण आता तिसऱ्या मजल्यावर झोपते, तिला इथला आवाज जात नाही.

हिवाळ्यात यजमान मिलानला निघून गेले. टेकडीवरची शांतता त्यांना नोव्हेंबरनंतर सोसत नसे. त्या थंडीत प्रीमोची छाती भरली आणि जिल्दानं त्याला खाली आणून आपल्याकडं ठेवलं. तो हीटरला पाठ लावून बसला, खोकत, दूरदर्शनवरच्या बातम्यांना शिव्या देत, आणि बरा झाल्यावरही बरेच दिवस बरा नसल्याचं सांगत राहिला. लिफ्ट त्याला फार आवडली. वर्तमानपत्र आणायला तो दिवसातून दोन-तीनदा खाली जाई.

ईस्टर झाल्यावर तो परत टेकडीवर गेला, आणि मे महिन्यात एका रविवारी जिल्दानं त्याला फोन केला. खाली उकडायला लागलं होतं, वरच्या मजल्यावरच्यांनी फरशी फोडायला काढली होती, आणि गल्लीत नवं दुकान झालं होतं ज्यात संध्याकाळभर गाणी लावत.

"ते तागवाले आलेत का?" तिनं विचारलं.

"आलेत. बुडं वर करून कोबी लावतायत."

"मग उद्यापासून सुरू कर."

प्रीमोनं विचारलं, "किती दिवस राहशील?"

"बघू. मी फार थकलेय."

सोमवारी दुपारी ट्रॅक्टर सुरू झाला. बुधवारी कामिल्लाचा फोन आला, अगदी रडवेली झाली होती बिचारी. जिल्दानं सगळं नीट ऐकून घेतलं, मग जरा विचार केल्यासारखं केलं, आणि म्हणाली की येते, पण या वेळी टबवाली खोली हवी.